हेराल्डचा डावा दरवाजा

तन्मय, तो दिवा मालवलास तरी चालेल, डास कमी येतील. क्षमा, तू जिन्याकडे पाठ करून बसू नकोस. नाही गं, काही नाही, वारा येतो तिथून.

हं. तर तन्मयराव उद्या सकाळी पुदुपेटला जाणार, आपल्या जुन्या फियाटचा सडका दरवाजा तिथे देणार आणि त्याच्या बदल्यात दुसरा सरळ दरवाजा घेऊन येणार. ज्यांना पुदुपेट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, चेन्नईत मेलेली प्रत्येक मोटार शेवटी तिथे पोचते आणि सुटी होऊन विकली जाते. जा बाबा, खुशाल जा. पोरं हाताने काही करतात याचा आम्हाला आनंदच आहे. पण आमच्या ओळखीतल्या एकाने अगदी हेच केलं होतं. माणूस खरा, गाडी खरी, त्या घरी मी चहा प्यालेलो आहे. आधी ऐकून घे, मग काय ते तुझं तू ठरव.

मकरंद हा व्हिल्लिवाक्कमला आमच्या मागच्या गल्लीत राहणारा. त्याचे वडील त्र्यंबकराव रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात नोकरीला लागले, नाशिकहून इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. मकरंद स्वतः श्रीपेरुंबुदूरकडे मोटारींच्या कारखान्यात, पत्रा दाबून दरवाजे काढतात त्या विभागात. दिवसभर नवे कोरे दरवाजे बघून याचं मन भरत नसे. रविवार उजाडला की हा इमारतीखाली वडिलांच्या जुन्या हेराल्ड मोटारीखाली आडवा. त्याची बायको अलकनंदा म्हणायची, लग्न माझ्याशी लावलं आणि संसार त्या डबड्याशी मांडलाय.

ती हेराल्ड इथलीच, मद्रासमध्येच बनलेली. दोन दारांची, सायीच्या रंगाची. त्र्यंबकराव ती बाहेर काढत ती फक्त प्रमोदिनीबाईंसाठी. उजवीकडे हे चक्रावर, डावीकडे बाई. टी. नगरला साडी घ्यायची, मैलापूरला देवळात जायचं, येताना कुठेतरी कॉफी. बाईंना एकदा मोटार शिकायची लहर आली आणि पहिल्याच दिवशी त्यांनी डावी बाजू फाटकाच्या खांबावर नेऊन आदळली. डाव्या दरवाजावर, मुठीच्या खाली, बशीएवढा पोचा पडला. त्र्यंबकरावांनी तो कधी ठोकून घेतला नाही. गाडीपाशी आले की त्या पोच्यात तळवा ठेवायचे, मगच बाईंना दार उघडून द्यायचे. बाई लटक्या रागाने म्हणत, मिरवा, माझी चूक गावभर मिरवा.

मग बाई गेल्या, आणि म्हाताऱ्याचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. म्हणायचं म्हणून म्हणत नाही, खरोखरच राहिलं नाही. सकाळी बरे असायचे. संध्याकाळ कलली की उठायचे, चपला घालायचे, दाराशी जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. "निघायचं ना? ती खाली उभी असेल." रोज हेच. कोणी सांगितलं की आई गेली, तर पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. म्हणून मग घरात सांगणंच बंद केलं. डॉक्टर म्हणाले, औषधाने फार काही होणार नाही, पण ओळखीच्या जुन्या वस्तू जवळ असू द्या, त्यांनी मन थाऱ्यावर येतं. मकरंदच्या डोक्यात तेव्हाच हेराल्ड आली. गाडी धड करायची, बाबांना चक्रामागे बसवायचं, हळू एक फेरी मारून आणायची. बापाला पुन्हा एकदा शांत बसलेलं बघायचं, एवढंच त्या पोराला हवं होतं.

गाडीची अवस्था काय विचारता. समुद्राच्या हवेने पत्रा पार खाल्लेला. तळाला भोकं, मडगार्डच्या कडांचा भुगा. मदतीला बालाजीराव आले. त्यांचं पत्र्याचं दुकान पाडीला. तंजावरचे मराठे, पिढ्यान् पिढ्या इकडचे. बोलणं अर्धं जुनं मराठी, अर्धं तमिळ, आणि तोंड सदा हसरं. पोचा काढण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. आतून लोखंडी ठोकळा लावायचा, बाहेरून हातोडी मारायची, आणि मग डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचा. डोळ्यांना सपाट दिसणारा पत्रा तळव्याला सपाट लागेलच असं नाही. मकरंदला ते त्यांनीच शिकवलं होतं.

तळ झाला, मडगार्ड झाले. डाव्या दरवाजापाशी दोघे अडले. खालची कड बोटाने दाबली तरी तुटत होती.

बालाजीराव म्हणाले, "सार, हा दरवाजा गेला. खाली पत्रा कोठे आहे, नुसता रंग उभा आहे. ह्यास ठोकून काय होतंय? बदलून टाका की."

मकरंदने त्या पोच्याकडे बघितलं. बाबांची सवय त्याला काही ठाऊक नव्हती असं नाही. पण तो इंजिनियर माणूस. त्याने मनाशी म्हटलं, बाबांना गाडी हवी आहे, गंज नको.

शनिवारी तो पुदुपेटला गेला. सकाळची वेळ, ऊन छान पडलेलं, गल्लीत दोन्ही बाजूंना बॉनेटांचे आणि दरवाजांचे ढीग. हेराल्डचा डावा दरवाजा मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं, पण एका दुकानात मागे, दोरीला टांगलेला, मिळाला. खालची कड शाबूत, एक ओरखडा नाही. तसा दरवाजा पन्नास वर्षांत कसा टिकला याचंच त्याला नवल वाटलं. दुकानदार म्हणाला, तुमचा जुना इथे ठेवून जा. रिकामी झालेली जागा तशी ठेवायची नाही, असा त्यांचा धंद्याचा रिवाज. मकरंदने जुना दरवाजा टेम्पोतून उतरवून दिला. दरवाजा कुठल्या गाडीचा, ती कशाने मोडीत आली, हे त्याने विचारलं नाही आणि दुकानदाराने सांगितलं नाही. निघताना मागे वळून पाहिलं तर त्याच्या आईचा पोचा, वर तोंड करून, त्या ढिगात पडला होता. त्याला जरा कसंसंच झालं. पण ऊन वाढत होतं आणि टेम्पोवाला घाई करत होता.

दरवाजा बसवण्याआधी बालाजीरावांनी त्यावरून लिंबू उतरवलं, कापूर जाळला, लिंबू चाकाखाली चिरडलं. इथे सगळेच करतात. मग कुलूप तपासायला आतलं अस्तर काढलं. मोटारीच्या दारात काचेच्या फटीतून काय काय पडून बसतं हे तन्मयला सांगायला नको. त्या दाराच्या पोटात तळाशी एक गजरा होता. सुकून काळा पडलेला, दोऱ्यावर अबोलीची एखाददुसरी पाकळी अजून केशरी दिसत होती. बालाजीरावांनी तो दोन बोटांत धरून उचलला आणि गटारात टाकला. "कोण्या बाईचा पडला असेल," म्हणाले आणि हसले.

दरवाजा घासला, प्रायमर मारला, सायीचा रंग चढवला. दोघांनीही आळीपाळीने डोळे मिटून हात फिरवला. सपाट. कुठे उंचवटा नाही, कुठे खळगा नाही. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा यावर येणार आहे.

त्या संध्याकाळी मकरंदने वडिलांना खाली आणलं. त्र्यंबकराव गाडी बघून थबकले. ओठ हलले. मग पायांना वाट ठाऊक असावी तसे ते डाव्या बाजूला गेले आणि त्यांचा हात मुठीच्या खाली गेला. घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. त्यांनी आपला तळवाच उलटून पाहिला.

"इथे काहीतरी होतं रे."

 मकरंदने त्यांना उजवीकडे नेऊन चक्रामागे बसवलं. म्हातारा थोडा वेळ समोर बघत राहिला. मग त्याने मान डावीकडे वळवली. रिकाम्या सीटकडे बघितलं. चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या एकदम सैल झाल्या.

"आलीस?" म्हणाले.

मकरंदला रडू आवरेना. त्याला वाटलं, जमलं. सगळ्या घराला तेच वाटलं. त्या दिवसापासून त्र्यंबकरावांची येरझार थांबली. संध्याकाळ झाली की आपण होऊन खाली जायचे, गाडीत बसायचे, डावीकडे तोंड करून हळूहळू बोलत राहायचे. तासाभराने वर येऊन पोटभर जेवायचे आणि गाढ झोपायचे. अलकनंदा म्हणाली, तुझ्या डबड्याला मी आता नावं ठेवणार नाही. ते दिवस त्या घरातले चांगले दिवस होते, हे मी मुद्दाम सांगतो. भीती अशी एकदम येत नाही. ती आधी बरं वाटू देते.

पहिली गोष्ट दाराची. रोज सकाळी डावा दरवाजा अर्धवट लागलेला असायचा. रात्री मकरंद स्वतः धाडकन लावून यायचा. सकाळी बघावं तर कुलूप पहिल्या खाचेवर. कोणी हळूच उतरावं आणि आवाज होऊ नये म्हणून नुसतं टेकवून जावं, तसं. मकरंदने खीळ बदलली, बिजागरी घट्ट केल्या. सकाळी पुन्हा तेच.

दुसरी गोष्ट अलकनंदाच्या ध्यानात आली. ती सासऱ्यांना जेवायला बोलवायला खाली गेली होती. वर आली. पानं वाढून झाल्यावर म्हणाली, "गाडीत गजऱ्याचा वास येतोय. मरवा घातलेल्या गजऱ्याचा."

मकरंदचा घास हातातच राहिला. त्याच्या आईला अर्धशिशी होती. फुलांचा वास आला की तिचं डोकं उठायचं. सबंध चेन्नई गजरे माळून फिरते, पण प्रमोदिनीबाईंनी आयुष्यात कधी केसांत फूल घातलं नव्हतं. हळदीकुंकवाला मिळालेला गजरासुद्धा त्या दाराबाहेर खिळ्याला लावून ठेवायच्या.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून लवकर आला आणि खांबाआड उभा राहिला. वडील गाडीत बसले होते. बोलत होते. तो ऐकू लागला. त्र्यंबकराव तमिळमध्ये बोलत होते. बायकोशी हा माणूस उभ्या जन्मात मराठीखेरीज बोलला नव्हता. बाईंना भाजीवालीपुरतं तमिळ येत होतं, तेवढंच.

"पेर एन्ना सोन्ने, मा?" वडील म्हणत होते. नाव काय म्हणालीस, बाई?

मग गप्प. कान देऊन ऐकावं तसे गप्प. मग मान हलवली.

"सरी मा. पोलाम." बरं बाई. जाऊ या.

मकरंद पुढे झाला. सीट रिकामी होती. वडिलांनी त्याच्याकडे वळून अगदी समजूतदारपणे सांगितलं, "हिला सोडून यायचंय रे. हिचं घर लांब आहे. फार दिवस झाले म्हणते, कोणी सोडलं नाही."

त्या रात्री नवरा-बायको बोलत बसले. मकरंद म्हणाला, येत्या रविवारी तो दरवाजाच उतरवतो. अलकनंदा म्हणाली, आणि बाबा? पुन्हा त्या येरझाऱ्या? पुन्हा ते रोजचं "ती खाली उभी असेल"? आजारी माणूस आहे, मनात काहीही येतं, भाषाही बदलते. डॉक्टरांनी सांगितलंच होतं ना. तिचंही खोटं नव्हतं. गाडीची किल्ली मकरंदने स्वतःच्या खिशात ठेवायला सुरुवात केली आणि रविवार पुढे ढकलला. मग आणखी एक रविवार पुढे ढकलला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. बापाला झोप लागत होती ना.

कार्तिगै आली. नवीन आलेल्यांना सांगतो, आपल्या दिवाळीनंतरच्या पौर्णिमेच्या सुमारास इथले लोक दारोदारी पणत्या लावतात, तो सण. दोन दिवस पाऊस कोसळून त्या दिवशी उघडला होता, पण आभाळ भरलेलंच, चंद्र दिसत नव्हता. रस्त्यांवर पाणी, हवा गार. मकरंद पाळी संपवून कंपनीच्या बसने घरी निघाला होता. रात्रीचे आठ वाजले असतील. बंगळूर रस्त्यावर ही गर्दी. एका बाजूला कंपन्यांच्या बसेस चेन्नईकडे, दुसऱ्या बाजूला लॉऱ्या श्रीपेरुंबुदूरकडे. पूनमल्लीच्या अलीकडे बस मुंगीच्या पावलाने चालली होती. मकरंद खिडकीशी बसून कडेच्या घरांवरच्या पणत्या बघत होता. दुभाजकापलीकडे समोरून गाड्या येत होत्या.

त्यांत एक सायीच्या रंगाची हेराल्ड आली.

आधी त्याला वाटलं, कोणाची तरी. मग वाटलं, अशा उरल्यात किती. गाडी हळूहळू अगदी समोर आली. चक्रामागे त्याचे वडील बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट. भांग पाडलेला. ताठ. बाईंना घेऊन निघायचे तसे.

मकरंदचा हात खिशात गेला. किल्ली खिशात होती.

वडिलांच्या पलीकडे, डाव्या सीटवर... कोणीतरी होतं. तोंड दिसलं नाही. ती पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होती. दिसला तो फक्त अंबाडा. आणि अंबाड्याभोवती गच्च गजरा, केशरी, ताजा.

हेराल्ड मागे पडली.

त्याने बस थांबवली की ती थांबलेलीच होती, हे त्याला आठवत नाही. दुभाजक कसा ओलांडला, तेही नाही. रिक्षा मिळाली. घरी फोन लावला तर अलकनंदा रडत होती. पणत्या लावायला ती गच्चीवर गेली तेवढ्यात बाबा खाली उतरले. त्यांच्या ट्रंकेत जुनी दुसरी किल्ली होती म्हणे, ती कोणालाच ठाऊक नव्हती. ती शेजारपाजारी शोधत होती. मकरंद एवढंच म्हणाला, "मला दिसलेत." आणि त्यांच्या शेजारी कोण दिसलं ते सांगितलं नाही.

रिक्षा चालली होती. हेराल्ड कुठे नाही. लॉऱ्या, लॉऱ्या. एक वळण गेलं. दुसरं गेलं. चेंबरमबाक्कमचा तलाव आला. तुडुंब भरलेला, बांधापलीकडे नुसता काळोख. तिथून एक कच्ची वाट डावीकडे तलावाकडे उतरते. त्या वाटेवर, अंधारात, एक पिवळा दिवा उघडझाप करत होता.

डावीकडे वळतोय, असं सांगणारा.

रिक्षावाला वर रस्त्यावरच थांबला. मकरंद उतरून चालू लागला. चिखल. बेडूक एकसारखे ओरडत होते. त्याचं पाऊल गाडीजवळ आलं... आणि ते गप्प झाले. सगळे. एकदम.

पुढची चाकं उतारावर होती. त्यांच्यापुढे चार हातांवर पाणी.

इंजिन बंद. आतला दिवा लागलेला. डावा दरवाजा सताड उघडा. सीट रिकामी.

वास मात्र होता.

"बाबा..."

त्र्यंबकरावांचे दोन्ही हात हातब्रेकवर होते. बोटं पांढरी पडली होती. त्यांनी मान वळवली नाही.

"उतरली," ते म्हणाले. "घर आलं तिचं."

मकरंदने उघड्या दाराकडे बघितलं. त्या दिशेला घर नव्हतं. सगळ्या मुलखात त्या रात्री पणत्या होत्या. तिथे एकही नव्हती. फक्त पाणी.

"म्हणत होती, आणखी पुढे चला. अगदी दारापर्यंत सोडा. फार मागे लागली रे." म्हाताऱ्याने ब्रेक अजून सोडला नव्हता. "मी म्हटलं, नाही बाई. पुढे पाणी आहे. माझं माणूस घरी वाट बघतंय. मला परत जायला हवं."

मकरंदने त्यांची बोटं एकेक करून सोडवली.  बेडूक पुन्हा ओरडायला लागले तेव्हा त्र्यंबकरावांनी पहिल्यांदा पोराकडे नीट पाहिलं. डोळे स्वच्छ होते. गेल्या दोन वर्षांत इतके स्वच्छ डोळे त्याने पाहिले नव्हते.

"मकरंद," ते म्हणाले, "ही तर दुसरीच कोणी होती. तुझ्या आईला कुठे ठेवलंस तू?"

मी हे सांगताना अजूनही इथे थांबतो. पाणी दे रे जरा.

पुदुपेट उजाडायच्या आत उघडत नाही. रातोरात बाबांना आणि गाडीला घरी आणून मकरंद शटरसमोर उभा होता. दुकानदाराने ढीग उपसून दाखवला. तो डावा दरवाजा? तो गेला. खाली सडलेला होता ना, कोणी घेतला नाही, गेल्या आठवड्यात वितळवायला दिला. मकरंदने विचारलं, आता कुठे मिळेल? दुकानदार त्याच्याकडे बघतच राहिला. वितळलेलं लोखंड कुठे मिळतं?

तिथून तो पाडीला गेला आणि बालाजीरावांना घेऊन घरी आला. ठरवलं होतं, तो दरवाजा आजच उतरवायचा. जागा रिकामी राहिली तरी चालेल, गाडी कायमची झाकून ठेवावी लागली तरी चालेल. बालाजीराव त्या दिवशी हसत नव्हते. पिशवीतून पाने काढले आणि वरची बिजागरी सैल करायला लागले. त्र्यंबकराव वर होते, अलकनंदा त्यांच्यापाशी बसली होती, दाराला आतून कडी होती. तरी ते खाली आले. अलकनंदा नंतर म्हणाली, बाबा हात जोडून म्हणाले, सूनबाई, एकदाच जाऊ दे, मग नाही मागणार. मग तिनेच कडी काढली.

ते गाडीपाशी आले. डाव्या बाजूला. मकरंदने मान फिरवली. तो घसरणारा हात त्याला पुन्हा बघवणार नव्हता. आता विचारतील, आता विचारतील, आणि आपण काय सांगायचं... तुमच्या बायकोची उरलेली खूण मी बदल्यात देऊन टाकली, आणि ती आता भट्टीत आहे, असं?

वडिलांनी काहीच विचारलं नाही.

बऱ्याच वेळाने मकरंदने बघितलं. त्र्यंबकराव डोळे मिटून उभे होते. हात मुठीच्या खाली. तो घसरत नव्हता. टेकला होता.

"बाबा, बाजूला व्हा थोडे," मकरंद म्हणाला. त्याने त्यांचा हात हलकेच उचलला आणि त्याखाली बघितलं. मग स्वतःचा तळवा ठेवला. मग बालाजीरावांचा हात धरून तिथे ठेवला.

बालाजीरावांनी डोळे मिटले. तळवा फिरवला. पुन्हा फिरवला. मग सैल केलेली बिजागरी त्यांनी होती तशी घट्ट आवळली, पाने पिशवीत टाकले आणि चहा न घेता निघून गेले.

त्र्यंबकराव त्यानंतर वर्षभर होते. रात्री झोपायचे. संध्याकाळी दाराशी जाईनासे झाले. दरवाजा दुसऱ्या खाचेवर नीट लागू लागला. गेले तेही झोपेतच गेले, आणि मकरंदने गाडी विकली नाही. अजून तिथेच खाली उभी आहे. तन्मय, तू यातलं जाणणारा, म्हणून तुलाच सांगतो. दिवसा जा आणि स्वतः हात लावून बघ. बशीएवढा पोचा आहे, मुठीच्या खाली. रंग दिल्यावर पत्रा चेपला तर रंग फुटतो, हे तू मला शिकवायची गरज नाही. मी भिंग घेऊन पाहिलं आहे. बालाजीरावांच्या हातचा सायीचा रंग त्या पोच्याच्या आतपर्यंत गेलेला आहे, गुळगुळीत, आणि त्याला कुठेही तडा नाही.